पाण्यावरचं नववं गोपद्म

१

चातुर्मासात माझी सकाळ तुळशीपुढं सुरू होते. परसातली काळी फरशी धुवायची, पाणी ओसरू द्यायचं, मग चिमटीत रांगोळी घेऊन तेहतीस गोपद्मं काढायची. गाईच्या खुरासारख्या दोन दोन पाकळ्या, ओळीत अकरा, अशा तीन ओळी. तोंडं सगळी घराकडं, कारण गाय घरी यायची असते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी द्वादशीपर्यंत एक दिवस चुकवायचा नाही, आणि अशी पाच वर्षं झाली की उद्यापन. मागच्या चातुर्मासात माझं पाचवं वर्ष होतं.

आमच्या फरशीला एक चीर आहे. पहिल्या ओळीतलं नववं गोपद्म नेमकं तिच्यावर येतं. तिथं माझा हात थबकतो, चीर चुकवतो, आणि ते गोपद्म डावीकडं कलतं. माझ्या सासूबाई, मीनाक्षीबाई, म्हणायच्या, "कृष्णवेणी, तुझी नववी गाय लंगडी गे." त्या गेल्या, गाय लंगडीच राहिली.

कुंभकोणमला मेलकावेरीत आमचं घर. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, असं आठ-नऊ पिढ्या चाललंय. मागच्या दारातून चार पावलांवर तळं आहे, आम्हीही त्याला कुळमच म्हणतो. चौकोनी, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या. आमच्या बाजूच्या पायऱ्या फक्त आमच्याच वापरातल्या.

व्रत माझ्या सुनेसाठी होतं. नित्याची दोन गरोदरपणं अर्ध्यावर गेली होती. एक पाच वर्षांपूर्वी आषाढात, दुसरं दोन वर्षांपूर्वी आश्विनात. मागच्या आषाढात तिला पुन्हा तिसरा महिना होता, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, प्रवास नाही, जिने नाहीत, धावपळ नाही. माझा मुलगा मध्वेश कोइमतूरला नोकरीला. म्हणून नित्या माझ्यापाशी, माजघरात खाटेवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

२

तिचं काम मला फार आवडायचं. उपग्रहानं वरून काढलेले फोटो तिच्याकडं येत आणि ती त्यांतल्या तळ्यांच्या कडा रेषेनं आखत बसे. कुठं पाणी संपलं, कुठं चिखल लागला, कुठं नुसती वेल माजलीय. उपग्रह आमच्या गावावरून दर पाच दिवसांनी जातो. वेळ ठरलेली, सकाळी साडेदहा. मी म्हटलं, "बरंय. आमच्या भटजींना शिकवा म्हणावं."

श्रावणातल्या एका दुपारी तिनं हाक मारली.

"आत्या, तुम्ही कुळमात रांगोळी काढता?" आमच्यात सासूला आत्याच म्हणतात.

"हो तर. आणि न्हाणीघरात पोळ्या लाटते. काय गे झालं?"

"या की इकडं."

पडद्यावर आमचं छप्पर होतं, तुळस म्हणजे हिरवा ठिपका. मागं कुळम, काळंशार. त्यावर पांढरे डाग, तीन ओळींत. नित्यानं चित्र मोठं केलं. प्रत्येक डागाला मध्ये फट. दोन दोन पाकळ्या.

"बदकं असतील," मी म्हटलं.

"बदकं रांगेत बसतात? अकरा-अकरा?"

मी मोजलं नव्हतं. तिनं मोजलं होतं. मग तिनं बोट पहिल्या ओळीवरून सरकवत नेलं आणि एका डागाशी थांबवलं. तो डावीकडं कललेला होता.

मी उठले आणि कॉफीचं आधण ठेवलं. डिकॉक्शन उतरेपर्यंत मी स्वतःला समजावलं की वरून काढलेल्या फोटोत माणसाला हवं ते दिसतं. मग आठवलं की मला हे नको होतं.

३

आमचे हे, सेतुराम, तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. त्यांना बोलावलं.

"शेवाळ," ते म्हणाले.

"पांढरं?"

"फेस मग. उन्हाची चमक. गोमतीनं टाकलेला साबण." गोमती म्हणजे आमच्याकडं धुणं-भांडी करणारी.

मागच्या दारातून गोमती ओरडली, "माझा साबण येवढा असता तर मी दुकान घातलं असतं, सारवाळ!" यांना ती सारवाळ, म्हणजे मास्तरसाहेब म्हणते. कान तिखट.

तिला विचारलं, साडेदहाला तू तिथंच असतेस, पाण्यावर काही दिसतं? ती म्हणाली, पाण्यावर पाणी दिसतं. मीही दोनदा जाऊन पाहिलं. खरंच काही नव्हतं. ऊन, एक खंड्या, पलीकडच्या पायरीवर कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर.

यांनी मात्र पट्टी काढली. आधी परसात उकिडवे बसून माझ्या गोपद्मांमधली अंतरं मोजली, मग पडद्यावरची. कागदावर भागाकार केले. पुन्हा केले. मग पट्टी खिशात घातली आणि म्हणाले, "योगायोग असतात." जेवताना त्यांनी ताक मागितलं नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

तरीही मी मनाशी म्हटलं, असेल बाई. देवानं दाद दिली असेल. मी फरशीवर काढते, तो पाण्यावर उमटवतो. माझं मन तसं आशेचंच आहे. चार दिवस मी जरा मिरवलेसुद्धा, मनातल्या मनात.

भाद्रपदात तिरुविसनल्लूरला यांचे चुलतभाऊ विष्णुप्रसाद गेले. दहा दिवसांचं सुतक. सुतकात पूजा नाही, रांगोळी नाही. राहिलेले दिवस नंतर भरून काढायचे, अशी आमच्याकडची रीत. दहा दिवस परसातली फरशी कोरडी, काळी राहिली.

त्या दहा दिवसांत उपग्रह दोनदा येऊन गेला. नित्यानं दोन्ही चित्रं माझ्यापुढं ठेवली. पाण्यावर तेहतीस, दोन्हींत. नववं कललेलं.

म्हणजे हे माझं उमटत नव्हतं. कुणीतरी काढत होतं. आणि जी कुणी काढत होती, तिला सुतक लागलं नव्हतं.

४

नित्या हट्टी मुलगी. तिला जुनी चित्रं काढता येत होती. तिनं वर्षं मागं सरकवली.

सहा वर्षांपूर्वीचं कुळम स्वच्छ. पाच वर्षांपूर्वीच्या आषाढी एकादशीनंतर पाण्याच्या मधोमध तेहतीस डाग. पुढच्या वर्षी जरा अलीकडं. दर चातुर्मासात एकेक हात आमच्या पायऱ्यांच्या जवळ, तोंडं आमच्या घराकडं. दिवाळीनंतर गायब, आषाढात परत. मागच्या वर्षीची पहिली ओळ शेवटच्या पायरीपासून वावभर राहिली होती.

मग ती दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनावर आली. तारीख मलाही पाठ होती. त्या सकाळी आम्ही तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं.

त्या चित्रात तेहतीस नव्हती. एकच होतं. पायरीला लागून, आणि तोंड पाण्याकडं.

नित्यानं लॅपटॉप मिटला. दोन्ही हात पोटावर ठेवले. "आत्या," ती म्हणाली, "ते काय घेऊन गेलं?"

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आणि तेव्हा मला आठवलं ते मी पाच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

व्रत धरताना संकल्प करतात. उजव्या हातावर पाणी घ्यायचं, आपलं नाव, गोत्र, मनातली इच्छा उच्चारायची, आणि पाणी खाली ताम्हनात सोडायचं. मग ते तुळशीला घालायचं. हे शेंबडं पोरही जाणतं. पण नित्याचं पहिलं गेलं त्याच आठवड्यात एकादशी आली. घरात रडारड. ताम्हन कुठं पडलं होतं कोण जाणे. मी उठून मागच्या पायरीवर जाऊन बसले, तिथलीच ओंजळ भरली, "माझ्या घरात नातवंड खेळू दे" म्हटलं, आणि पाणी कुळमात सोडलं.

कुणापुढं बोलतेय ते मी पाहिलं नव्हतं.

५

मध्वेश फोनवर म्हणाला, "अम्मा, तिला घेऊन इकडं ये." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हलवायचं असेल तर माझ्या जबाबदारीवर नाही. हे म्हणाले, तिरुप्पनंदाळच्या मठात कुणाला विचारू या. मी म्हटलं, काय विचारणार? पाण्यानं माझ्यासारखी रांगोळी काढली तर प्रायश्चित्त काय? हसतील.

"मग व्रत सोड," हे म्हणाले.

"चार वर्षं आठ महिने झाल्यावर?"

"तुझ्या हिशेबातसुद्धा चातुर्मास चारच महिन्यांचा असतो."

"तुमची भूमिती तुमच्यापाशी ठेवा," मी म्हटलं. दोघंही हसलो. बरं वाटलं.

आश्विनात पाऊस लागला. इकडचा खरा पाऊस तेव्हाच. तीन फेऱ्या उपग्रहाला नुसते ढग दिसले. पडद्यावर पांढरं, आमचं घर नाही, कुळम नाही. दिसत होतं तेव्हा भीती वाटत होती, दिसेना तेव्हा झोप उडाली.

तेव्हाच आवाज ऐकू आला. सकाळचे साडेदहा. गोमती गेलेली, हे बाजारात, नित्याचा जरा डोळा लागलेला. मी माजघरात वाती वळत होते. मागून काकणं वाजली.

काचेची काकणं. रांगोळी सोडताना चिमूट खाली येते, हात हलतो, आणि काकण काकणावर पडतं, तसा बारीक आवाज. मी रोज तो ऐकते, माझ्याच हातातला. एक. मग जरा सरकून दुसरा. मी वात हातात धरून मोजत राहिले. आठ झाले.

मग थांबला.

तेवढाच, जेवढी मी थांबते. चीर चुकवण्यापुरता.

मग नववा.

मी मागचं दार उघडलं. पाऊस थांबला होता. पायऱ्या ओल्या, पाणी स्थिर. पाण्याला कुठं आलीय चीर? मी तिथं उभी राहिले आणि भीतीपेक्षा मला राग आला, हे खरं सांगते. माझ्या हाताची खोड, माझ्या सासूबाईंचा टोमणा, माझ्या घरची फुटकी फरशी. तेवढंसुद्धा हिनं सोडलं नव्हतं. ती माझी नक्कल करत नव्हती, माझी जागा घेत होती. आणि मला सुतकाचे दहा दिवस चुकले होते, तिला एकही नाही. उद्यापनाच्या दिवशी दोघींची व्रतं शेजारी ठेवली तर अखंड तिचं होतं. फळ म्हणजे नातवंड, ते मागायला ती येणार, आणि हक्कानं येणार.

"बघू या," मी पाण्याला म्हटलं, आणि दार लावून घेतलं नाही.

६

कार्तिकी द्वादशीला उद्यापन. पाच सवाष्णी सांगितलेल्या, वाणाची सुपं भरलेली, डाळ-गुळाच्या हयग्रीवाचा नैवेद्य शिजलेला. आकाश धुतल्यासारखं निळं. नित्यानं तारखा पाहून ठेवल्या होत्या. उपग्रह त्याच दिवशी येणार होता.

सकाळी तुळशीपुढं मी तेहतीस काढली. मग सव्वादहाला मी लाल नऊवारी नेसलेली, हातात ताम्हन आणि पळी-पंचपात्र घेऊन मागच्या दाराकडं निघाले.

"अहो, भटजी यायची वेळ झाली," हे म्हणाले.

"त्यांना कॉफी द्या आणि सांगा, आज उद्यापन नाही."

"मग कधी?"

"नाहीच."

नित्या खाटेवर उठून बसली. तिला सातवा होता. "आत्या, खाली नका जाऊ."

"माझ्याच पायऱ्या आहेत गे," मी म्हटलं. "तू दारातून मला बघत राहा. हाक मारू नको, खाली उतरू नको. मी पाठमोरी असताना माझ्या आवाजात कुणी बोलावलं तर ओ देऊ नको. मी तुला पाठमोरी बोलावणार नाही."

शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले. ताम्हन मांडीत घट्ट धरलं. पाणी पायापासून वीतभर. काकणं सुरू होती, अगदी जवळून, जणू कुणी समोर बसून काढतंय. मी पाण्याकडं पाहिलं. निळं आकाश, आणखी काही नाही.

"बाई," मी म्हटलं, "तू कोण ते मी विचारत नाही. तू पाच वर्षं राबलीस, मी पाहिलंय. एक दिवस चुकवला नाहीस. मी चुकवले. माझ्याहून तू चांगली व्रतस्थ, हे मी कबूल करते. पण शब्द माझे होते. तू ते उचललेस."

पाच. सहा.

"संकल्प माझा आहे तोवर फळ माझं व्रत पुरं होईल तेव्हाच. ते मी पुरं करत नाही. ऐक." मी घरातलं पाणी हातावर घेतलं. नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. "जिवंत असेपर्यंत रोज तेहतीस गोपद्मं काढीन. चातुर्मासात नाही, बारा महिने. याला उद्यापन नाही. याचं फळ मला नको, कुणालाच नको. श्रीकृष्णार्पण." आणि पाणी ताम्हनात सोडलं. एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही.

सात. आठ.

थांबलं.

मी वाट पाहिली. नववा आला नाही. पलीकडचा खंड्या उडून गेला. माझ्या हातातली काकणंही मी दाबून धरली होती. ती शांतता काकणांपेक्षा वाईट होती, कारण पहिल्यांदाच तिथं कुणीतरी काही न करता बसलेलं होतं.

मग माझ्या शेजारच्या कोरड्या दगडावर ओल उमटली. आधी एक पाकळी, मग दुसरी. तोंड घराकडं. डावीकडं कललेलं. मी पाहिलं की त्या ओलीच्या कडेला पाण्याखालून पायरीवर काहीतरी टेकलं होतं. हिरवं काकण असेल, शेवाळ असेल. त्याला बोटं होती का ते मी बघत बसले नाही. मी पदर घेतला आणि त्या ओल्या खुणेवर तळवा ठेवून खसखसून पुसली. दगड कोमट होता. अंगाएवढा कोमट.

"इथवर," मी म्हटलं. "इथून पुढं माझं घर."

ताम्हन घेऊन वर आले, पाठ वळवून, न धावता. नित्या दारातच होती. ते पाणी मी तुळशीला घातलं, तोवर यांनी खुर्ची आणून ठेवली. सवाष्णी आल्या होत्या. त्यांना जेवू घातलं. जेवण कशाचं, असं कुणी विचारलं तर सांगितलं, भूक लागली म्हणून.

७

त्या दिवसाचं चित्र तीन दिवसांनी आलं. आम्ही तिघं खाटेवर बसून पाहिलं.

पाण्यावर एकही डाग नव्हता. नित्या रडायला लागली, आनंदानं. पायरीवर लाल ठिपका होता, ती मी. आणि माझ्यासमोर, पाण्यात, हातभर अंतरावर, दुसरा लाल ठिपका.

"तुझं प्रतिबिंब," हे लगेच म्हणाले.

मी मान हलवली. नित्यासाठी. पण भूमितीच्या मास्तराबरोबर चौतीस वर्षं काढली आहेत मी. प्रतिबिंब पायरीवरून बघणाऱ्याला दिसतं. थेट वरून बघणाऱ्याला पाण्यात फक्त आकाश दिसतं. यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पौषात नित्याला मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, सव्वासहा पौंडांची, आवाज थेट सासूबाईंचा. नाव प्रीति. आता पुन्हा श्रावण आहे आणि ती रांगते. रांगत मागच्या दाराकडंच जाते, हे मी लपवत नाही. मध्वेश म्हणतो दार विटांनी बंद करू या. मी नाही म्हणते. दार बंद केलं तर ती जागा मी सोडली असं होईल. उंबऱ्याच्या आत प्रीति, उंबऱ्यावर मी, आणि माझ्यापुढं रोज तेहतीस. आता त्यांची तोंडं मी कुळमाकडं काढते. भटजी म्हणतात, असं शास्त्रात नाही. मी म्हटलं, लिहून घ्या.

फरशीची चीर यांनी सिमेंटनं बुजवली. माझा हात नवव्याला अजून थबकतो, पण आता गोपद्म सरळ येतं.

नित्या दर पाच दिवसांनी चित्र पाहते. मला दाखवत नाही, मीच मागून घेते. पाण्यावर रांगोळी परत आली नाही. तो लाल ठिपका मात्र आहे. प्रत्येक चित्रात, पायरीपासून हातभर, मी घरात असले तरी. हलत नाही. काही करत नाही. माझं व्रत पुरं व्हायची वाट पाहत बसलेला.

बसू दे. मला तरी कुठं घाई आहे.